जुनी पोलो जीटी तपासायला कोणाला न्यायचं? गावचा मिस्त्री, कंपनीचं वर्कशॉप, ॲपवाला की स्पेशालिस्ट

परवा रात्री साडेदहाला भाच्याचा फोन. मामा, नागपूरला एक फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय भेटून राहिली, २०१६ची, लाल, बासष्ट हजार किलोमीटर, एकहाती, मालक डॉक्टर आहे म्हणे, टोकन टाकू का? म्हटलं बाबू, थांब जरा. जुन्या गाडीचा मालक दरवेळी डॉक्टरच काऊन राहते, हे मला आजपर्यंत समजलं नाही. शिक्षक, तलाठी, किराणा दुकानवाले हे लोक गाड्या विकतच नाहीत का?

त्याला फोनवर अर्धा तास जे सांगितलं तेच इथं लिहून काढतो, कारण यवतमाळकडच्या आर्णी-दारव्हा-दिग्रस पट्ट्यात आजकाल पुण्यात नोकरीला असलेल्या पोराइले ह्याच गाड्यांचं याड लागलंय. कोणाला जीटी पाहिजे, कोणाला ऑक्टेव्हिया आरएस, एकजण तर अबार्थ पुंटो शोधून राहिला, जिचे पार्ट शोधता शोधता त्याचं लग्नाचं वय निघून जाईल.

आधी माझं सांगतो. मी स्वतः अशीच जीटी घेतली होती, एका डीलरकडून, सोबत आमच्या गावचा मिस्त्री घेऊन गेलो होतो. माणूस सोन्यासारखा, बोलेरो आणि ट्रॅक्टरचं इंजिन डोळे मिटून खोलते. त्यानं बोनेट उघडलं, ऑइल कॅप काढून धूर पाहिला, डिपस्टिक बोटावर पुसून वास घेतला, म्हणाला भाऊ इंजिन कड्डक हाये. मग ड्रायव्हर सीटवर बसला आणि डावा पाय इकडं तिकडं फिरवत राहिला. क्लच शोधत होता, गाडी ऑटोमॅटिक, क्लचचं पेडलच नाही. मी हसलो तेव्हा, पण चार महिन्यांनी गिअरबॉक्सचं मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअर बदलणारा कॉम्प्युटरचा डबा, गेलं आणि दीड लाखाच्या वर बिल आलं तेव्हा त्या पायाची आठवण झाली. चूक त्याची नव्हती, त्याचं बोलणं खरंच निघालं, इंजिन आजही कड्डक आहे. मी त्याला जे विचारलं नव्हतं ते बिघडलं.

आता ही गाडी काय आहे ते दोन ओळीत, नाहीतर पुढचं समजायचं नाही. २०१३ला आपल्याकडे आली तेव्हा १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएस, आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे आत दोन सुके क्लच आणि ते दाबायला-सोडायला माणसाच्या पायाऐवजी कॉम्प्युटर आणि तेलाचा दाब, त्या सगळ्या डब्याला मेकॅट्रॉनिक म्हणतात. ह्याच सात गिअरवाल्या डीएसजीचं तेल बदलायला फोक्सवॅगननं २०१३मध्ये जगभरातल्या लाखो गाड्या परत बोलावल्या होत्या, सिंथेटिक काढून मिनरल भरलं, गरम दमट हवेत आत शॉर्ट होत होतं म्हणून. २०२०मध्ये इंजिन बदलून एक लिटरचं झालं आणि ऑटोमॅटिकला डीएसजी जाऊन साधा टॉर्क कन्व्हर्टरवाला गिअरबॉक्स आला, आणि २०२२ला आपल्याकडे पोलोच बंद झाली. म्हणजे २०२०च्या आधीची घेत असाल तर इंजिन, बॉडी, टायर हे सगळं एका पारड्यात आणि गिअरबॉक्स एकटा दुसऱ्या पारड्यात. ऑक्टेव्हिया आरएसचा सहा गिअरचा डीएसजी ओल्या क्लचचा, तो त्यामानानं दणकट, पण त्याचं तेल साठ हजारला बदललं की नाही ह्याची पावती पाहायचीच.

तर गावचा मिस्त्री. त्याला कमी समजू नका. खर्च म्हणजे जाण्यायेण्याचं पेट्रोल, कळंबला तर्री-पोहे आणि हातावर पाचशे-हजार. बॉडी पाहायला त्याच्यासारखा माणूस नाही, त्यातही सोबत पत्रा ठोकणारा डेंटर घेतला तर विचारूच नका. फेंडरच्या बोल्टवर पान्याच्या खुणा आहेत का, डिक्कीचं मॅट उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात वेल्डिंग कंपनीचं आहे की बाहेरचं, दरवाज्याचं रबर ओढून आतले वेल्डिंगचे स्पॉट मोजणे, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून टोकाला गाळ लागलाय का बघणे, हे त्याला कोणी शिकवायला लागत नाही. पण दोन अडचणी. एक तर कॉम्प्युटरच्या नावानं शून्य. दुसरी म्हणजे भीड. तुमचं मन गाडीवर बसलंय हे त्याला दिसते, डीलर चहा पाजते, आणि मग तो बिचारा "घेऊन टाका भाऊ, नशिबाची गोष्ट हाये" म्हणून मोकळा होते. आणि डीलर त्याच्याच ओळखीचा निघाला तर समजून जा, बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबणारा दलाल दोन्हीकडून घेतच असते.

कंपनीच्या वर्कशॉपचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे हिस्ट्री. चेसिस नंबर टाकला की कधी आली, किती किलोमीटरला आली, काय बदललं, अॅक्सिडेंटचं काम झालं का, सगळं निघते, पण ते मालकासमोरच दाखवतात, म्हणून मालकालाच गाडी घेऊन तिथं बोलवायचं. मीटर मागे फिरवला असेल तर इथं पकडल्या जाते, २०२१ला सत्तर हजार आणि आज बासष्ट, असं होतं बरं का. तोटा असा की मालकानं वॉरंटी संपल्यावर बाहेर काम केलं असेल तर हिस्ट्री तिथंच थांबते. आणि तपासणीचा कागद हातात येते तो असा की गाडी नाही, आयसीयूतला पेशंट आहे, शॉकअप बदला, बुश बदला, डिस्क बदला, चारही टायर बदला, सव्वा लाखाचं एस्टिमेट. खोटं नसते ते, पण त्यांची रोजीरोटी पार्ट बदलण्यात आहे हे लक्षात ठेवून वाचायचं. भाव पाडायला हा कागद लय कामाचा, मालकासमोर नुसता टेबलावर ठेवायचा, बोलायची गरज नाही.

ॲपवाले. फोनवर बुक करा, माणूस पेंट मोजायचं मशीन घेऊन गाडीपाशी जाते, तासाभरात दीडशे-दोनशे पॉइंटचा रिपोर्ट फोटोसकट तुमच्या मोबाइलवर. पुण्यात बसून नागपूरची गाडी पाहायची असेल तर ठीक आहे, चाळणी म्हणून. पेंटचं मशीन खरंच चांगलं, कंपनीचा रंग साधारण शंभर-दीडशे मायक्रॉनच्या आसपास येते, एकाच दरवाज्यावर तीनशे आला तर रंग परत मारलाय आणि हजाराच्या वर गेला तर खाली पुट्टी भरलीय. पण त्या दोनशे पॉइंटांत वायपर, हॉर्न, केबिन लाइट, आरसा, टूलकिट असले पन्नास-साठ पॉइंट राहतात, आणि डीएसजीला एकच ओळ, "गिअर शिफ्टिंग ओके". दोन किलोमीटर चालवून ओके! खाली बारीक अक्षरात आमची जबाबदारी नाही हेही असते. आपल्या तालुक्याला हे येतच नाहीत, पिनकोड टाकला की सॉरी म्हणतात. आणि जो ॲप स्वतःच जुन्या गाड्या विकते, त्याच्या गाडीचा त्यानंच दिलेला रिपोर्ट म्हणजे स्वतंत्र तपासणी नाही, ती जाहिरात झाली.

राहिला स्पेशालिस्ट, म्हणजे कंपनी सोडून स्वतःचं गॅरेज टाकलेला, ह्याच गाड्यांवर हात काळे केलेला माणूस. नागपूरला असे आहेत, शोधावे लागतात, जीटी चालवणाऱ्या दोन-तीन लोकांना विचारलं की तेच तेच नाव येते. मागच्या हिवाळ्यात भाच्याच्या मित्रासाठी अशा एका माणसाकडे गेलो, साडेतीन हजार घेतले आणि अख्खी सकाळ दिली. त्यानं बोनेट उघडायच्या आधी स्टिअरिंगखाली स्कॅनर लावला. मालक म्हणे पाहा, एकही एरर नाही, गाडी क्लीन आहे. तो म्हणाला एरर नाही हेच तर लफडं आहे. स्क्रीनवर दाखवलं, गाडी स्वतःच्या ज्या चाचण्या चालता चालता आपोआप करत राहते त्यातल्या बऱ्याच अपूर्ण होत्या. गाडी रोज वापरात असेल तर त्या पूर्ण झालेल्या राहतात, बॅटरी काढली किंवा एरर पुसले की पहिल्यापासून सुरू. "कालच कोणीतरी फळा पुसलाय," एवढंच बोलला. मालक म्हणे बॅटरी बदलली. बॅटरीवर २०२२ची तारीख होती.

मग त्यानं गाडी अर्धा-पाऊण तास शहरातल्या गर्दीत फिरवली, कारण थंड गिअरबॉक्स गुणी पोरासारखा वागते, गरम झाल्यावर खरं रूप. परत येऊन रॅम्पच्या हलक्या चढावर डी मध्ये टाकली, ब्रेक हळूच सोडला, ॲक्सिलेटरला पाय नाही. गाडी सरकायला लागली ती अशी कुडकुडत, जसं पहाटे मोटरीच्या पाण्यानं आंघोळ केलेलं लेकरू. गिअरबॉक्सची खोट अशी दिसते. मी मागच्या सीटवर होतो, पाण्याची बाटली दरवाज्यात टकटक वाजत होती. माझ्या गाडीतही अशीच बाटली वाजायची, मला वाटायचं रस्ता खराब आहे. आमच्याकडे रस्ता चांगला कधी नसतेच, म्हणून ते समजलंच नाही.

ह्या माणसाचेही तोटे आहेत. रविवारी भेटत नाही, बॉडी-रंगाकडे त्याचं लक्ष कमी, आणि गाडी त्याच्याकडे न्यायला मालक तयार पाहिजे. तयार नसेल, "दुसरी पार्टी उभी आहे" म्हणत असेल, तर त्या पार्टीलाच घेऊ द्या.

मग कोणाला न्यायचं? साधी मॅन्युअल स्विफ्ट, आय ट्वेंटी घेत असाल तर मिस्त्री आणि एक वॉशिंग सेंटर पुरे, दोनशे रुपये देऊन गाडी रॅम्पवर चढवा आणि खालून पाहा. खालचा भाग काळ्या मातीनं लिंपलेला असेल तर आधी धुवायला लावा, मग पाहा, आमच्याकडची गाडी दोन पावसाळ्यात खालून मातीचं घर होते आणि त्या मातीखाली ऑइल गळती आरामात लपते. पण टर्बो आणि डीएसजी असेल तर स्पेशालिस्टला पर्याय नाही, पाच लाखाच्या गाडीला साडेतीन हजार म्हणजे क्विंटलभर सोयाबीनही नाही. मी असतो तर सकाळी स्पेशालिस्ट आणि सोबत गावचा डेंटर, एवढीच जोडी नेतो. कंपनीत हिस्ट्रीपुरतं जातो, ॲप फक्त गाडी पुण्या-मुंबईत असेल तरच.

वेळेचंही सांगतो. गिअरबॉक्स गरम करून पाहायचा, पण इंजिन थंड असतानाच चालू करून पाहायचं, गरम इंजिन स्टार्टिंगची खोट लपवते. इंजिन थंड आहे का ते बोनेटला हात लावून बघा असं सगळे सांगतात, पण मे महिन्यात दुपारी नागपूरला उभ्या गाडीच्या बोनेटवर भाकर भाजते, काय समजणार डोंबल? सकाळी सहाला जा, नाहीतर स्कॅनरवर कूलंटचं टेम्परेचर पाहा.

कागद कोणीच तपासून देत नाही, ते आपलं आपण करायचं. परिवहनच्या साइटवर नंबर टाकून कर्जाचा बोजा पाहा, असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आल्याशिवाय पैसे नाहीत, गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३०वर सह्या, चलन किती बाकी ते. आणि इन्शुरन्सवर नो क्लेम बोनस बघायचा, हे लोक विसरतात. पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्के राहते. इतक्या जुन्या एकहाती गाडीवर शून्य दिसला म्हणजे बहुतेक मागच्या साली क्लेम झालाय किंवा पॉलिसी मध्ये तुटली होती. मालकाला विचारा, काय सांगते ते ऐका.

टोकन द्यायचंच असेल तर तपासणीत खोट निघाली की परत, असं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या आणि त्याचं "ओके" येऊ द्या, मगच पाठवा.

भाच्यानं टोकन थांबवलं. स्पेशालिस्टनं शनिवार सकाळची वेळ दिलीय, मी आणि डेंटर शुक्रवारी रात्रीच नागपूरला मुक्कामी जाणार आहोत. काल मालकाला मीच फोन लावला, सहाला येतो म्हटलं. तो म्हणे या ना, मी साडेपाचलाच काढून गरम करून ठेवतो, तुम्हाला थांबायला नको. म्हटलं डॉक्टरसाहेब, गरम करू नका, आम्ही येईपर्यंत चावीलाही हात लावू नका. तिकडून जरा वेळ आवाजच आला नाही. मग म्हणाले, मी डॉक्टर नाही हो, आमचे साले आहेत.