किडनी डोनरचा सीटी अँजिओ (रक्ताच्या शिरांचा स्कॅन) बेळगावात इथं केला: स्कॅन चांगला, काउंटरची बोंब

५ पैकी साडेतीन. अर्धा स्टार टाकता येईना म्हणून वर तीनच दिसतील, पण साडेतीन धरा.

आम्ही निपाणीकडचे. अक्काच्या दोन्ही किडन्या गेल्यात, आठवड्याला तीनदा डायलिसिस चालू आहे आणि एक किडनी मी देणार असं घरात ठरलंय. कोल्हापूर आम्हाला जवळ, पण ऑपरेशन बेळगावात व्हायचंय तर डॉक्टर म्हणाले स्कॅन इकडंच करा, म्हणून पहाटे निघून हत्तरगी टोल ओलांडून आठला इथं हजर झालो.

स्कॅनला नाव ठेवायला जागा नाही. क्रिएटिनिनचा (किडनी नीट चालते का ते बघायच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट बघितल्याशिवाय आत घेतलं नाही, चार तास पोटात काही नको हे आदल्या दिवशीच फोन करून सांगितलेलं, आणि शिरेतनं औषध सोडल्यावर अंगभर गरम लागतंय, चड्डीत झालं की काय असं वाटतंय, तेही तिथल्या पोरानं आधीच सांगून ठेवलं म्हणून घाबरलो नाही. श्वास धरा, सोडा, असं तीन-चार वेळा, झालं. फॉर्म मात्र कन्नड आणि इंग्लिशमध्येच. सही करायचा कागद तरी मराठीत ठेवा की. त्या पोरानं बसून सगळा वाचून दाखवला, हे मान्य.

डोकं फिरलं ते संध्याकाळी. रिपोर्ट देताना काउंटरवरचा माणूस म्हणतो, "डाव्या किडनीला दोन आर्टरी आहेत, अब्नॉर्मल आहे." एवढंच, आणि पुढच्याला हाक. अक्का शेजारीच उभी. तिथंच म्हणायला लागली, तुला काय तरी असलं तर माझं राहू दे बाबा.

मग मी हट्टच धरला आणि रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टर मॅडमना भेटलो. हे स्टार त्यांचेच. कॉम्प्युटरवर रंगीत चित्र फिरवून दाखवलं, मधे जाड एओर्टा, म्हणजे हृदयाकडनं येणारी मुख्य शीर, तिच्यातनं दोन्हीकडं किडनीला रक्त नेणाऱ्या शिरा, म्हणजेच आर्टरी, फुटलेल्या, उजवी जास्त लांब कारण तिला मोठ्या व्हेनच्या (रक्त परत नेणाऱ्या शिरेच्या) मागनं जावं लागतं. डावीकडं नेहमीची एक, आणि तिच्या खाली अजून एक बारकी, थेट किडनीच्या खालच्या टोकाला. हा आजार नाही म्हणाल्या, शंभरात २५-३० जणांना असली जास्तीची शीर असते. आईच्या पोटात असताना किडनी खाली ओटीपोटात तयार होते आणि मग वर सरकते, सरकेल तशा वरच्या नवीन शिरा घेत जाते आणि खालच्या सुकून जातात, त्यातली एखादी राहिली की हे असं.

मी विचारलं, बारकी तर आहे, बांधून टाकली तर? नको म्हणाल्या, त्या शिरेचा भाग तिच्यावरच जगतो, तेवढा तुकडा मरेल. हे मला लगेच कळलं, उसात एका सरीचं पाणी बंद केलं तर शेजारच्या सरीतनं थोडंच येतंय. शिवाय खालच्या टोकाची शीर मूत्रनळीलाही रक्त देते, म्हणून किडनी बसवताना तीपण जोडायला लागते. सर्जनला हे पोट उघडायच्या आधी कळावं, स्कॅन करायचा तो त्यासाठीच. एरवी डावीच घेतात, तिची व्हेन लांब, जोडायला सोपी. माझी उजवी एका शिरेची निघाली, तर आता कुठली घ्यायची ते सर्जन बघतील. अक्का येताना गाडीत झोपली, बऱ्याच दिवसांनी.

आणि घरी येऊन रिपोर्ट नीट वाचला तर त्यात अब्नॉर्मल शब्दच नाही, 'व्हेरियंट' लिहिलंय, म्हणजे नुसता वेगळा प्रकार! काउंटरवाल्याला कुणी तरी सांगा.

पैसे कोल्हापूरला विचारलेले त्यापेक्षा थोडे कमीच. सीडी आपणहून देत नाहीत, मागून घ्या, सर्जनला तीच लागते. पार्किंग नाही, गाडी लांब लावायला लागते.