कॅम्पर व्हॅनची बॅटरी: लेड-ॲसिड की लिथियम?

व्हॅनमध्ये पलंग बसला, ओटाही झाला, आणि आता मित्राचं घोडं बॅटरीपाशी अडलंय. लेड-ॲसिड की लिथियम आयर्न फॉस्फेट? दोन्ही १२ व्होल्ट, १०० ॲम्पिअर-तास धरून बोलू.

आकडा सारखा असला तरी हाती येणारी वीज सारखी नसते. लेड-ॲसिड वारंवार निम्म्याखाली उतरवली की लवकर म्हातारी होते. म्हणजे १,२०० वॅट-तासांपैकी (१२ व्होल्ट × १०० ॲम्पिअर-तास) वापरायचे साधारण ६००. लिथियम मात्र ८०-९० टक्के बिनधास्त वापरता येते. छोटा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला ४००-५०० वॅट-तास सहज खातो, तेव्हा पहिलीवर जेमतेम एक दिवस, दुसरीवर दोन.

वजन? २५-३० किलो विरुद्ध साधारण १२. विषय संपला.

किमतीत लेड-ॲसिड जिंकते, पण फक्त खरेदीच्या दिवशी. ती काहीशे चार्जिंग-फेऱ्या टिकते, चांगली लिथियम दोन हजारांच्या पुढे जाते. मात्र लिथियम इंजिनवरून चार्ज करायला डीसी-डीसी चार्जर लागतो, म्हणजे इंजिनाकडून येणारी वीज बॅटरीला झेपेल अशी करून देणारं उपकरण. हा खर्च हिशेबात धरायला लोक हमखास विसरतात.

थंडीत लिथियमची खोड दिसते: शून्याखाली ती चार्ज करू नये. तिथे आत हीटर असलेली बॅटरी हवी, किंवा ती व्हॅनच्या आत उबेत बसवावी.

वर्षातून दोन-चार सहली, दिवे आणि मोबाइल एवढाच वापर असेल तर लेड-ॲसिड पुरते. फक्त ती अर्धवट चार्ज करून महिनोन्महिने ठेवू नका. फ्रिज असेल आणि मुक्काम आठवडाभराचे असतील, तर लिथियमच घ्या.