बॅटरीत पाणी म्हणून ॲसिड ओतलं, वर जुनीच बॅटरी नवी म्हणून विकली

सोलापूरचा मे महिना, दुपारी लाईट गेली की घरात बसवत नाही आणि सासऱ्यांना दम्याचा त्रास, त्यामुळे इन्व्हर्टरशिवाय आमचं चालतच नाही. बॅकअप कमी झाला होता तेवढ्यात दारात एकजण आला, अंगात कंपनीचं नाव असलेला शर्ट, म्हणाला ताई फ्री चेकिंग चालू आहे. मी घरात घेतलं, तिथंच चुकले.

बॅटरीची सहाही झाकणं उघडून म्हणे पाणी संपलंय, आणि स्वतःच्या पांढऱ्या कॅनमधून ओतायला लागला. कॅनवर लेबल नाही. दोन थेंब आमच्या शहाबादी फरशीवर पडले तर तिथं फसफस करून फेस आला. मी विचारलं हे काय, तर म्हणतो फरशीवर साबण राहिला असेल ताई. आठशे रुपये घेऊन गेला. डिस्टिल्ड वॉटरनं फरशी कधी फसफसते का हो? पण तेव्हा डोक्यातच आलं नाही.

पहिले चार दिवस बॅकअप वाढल्यासारखा वाटला, म्हणून तर विश्वास बसला. पंधरवड्यात सडक्या अंड्यासारखा वास यायला लागला, बॅटरी हात लावू देईना एवढी गरम आणि बाजू फुगलेल्या. शेजारच्या खोलीत देवघर, सासूबाई उदबत्ती लावायच्या बेतात होत्या, मी ओरडलेच. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी मिळाली की भडका उडतो. खिडक्या उघडल्या, इन्व्हर्टर बंद करून प्लग काढला आणि सगळ्यांना बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी त्यालाच फोन केला, दुसरं कोण माहीतच नव्हतं. आला, बॅटरी गेली म्हणाला आणि 150 एएचची (एएच म्हणजे बॅटरीत किती वीज साठते त्याचं माप) "नवी" ट्युब्युलर बॅटरी बसवून दिली, जुनी घेऊन साडेअकरा हजार रोख. बिल व्हॉट्सॲपवर पाठवतो म्हणाला, ते अजून यायचंय.

एक पंखा आणि एक ट्यूब, चाळीस मिनिटांत इन्व्हर्टर बोंबलायला लागला. मग ह्यांनी बॅटरीच्या दुकानदाराला बोलावलं. त्यानं स्टिकरचा कोपरा नखानं उचलला तर खाली दुसरा जुना स्टिकर, सिरीयल नंबर घासलेला, टर्मिनलवर पान्याचे ओरखडे. मीटरवर 12.6 व्होल्ट बरोबर दाखवत होतं, पण लोड टाकला की धाडकन खाली. हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची घनता बघायची काचेची नळी, घातला तर सहापैकी दोन सेलमध्ये (कप्प्यांत) आतला तरंगणारा काटा खराबच्या लाल पट्ट्यातच. जुनी बॅटरी धुऊन नवीन ॲसिड भरून विकतात म्हणे. आणि चार्जिंगमध्ये फक्त पाणी उडतं, ॲसिड आतच राहतं, म्हणून टॉपअपला फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं असतं, वरून ॲसिड घातलं की प्लेटा खाल्ल्या जातात, हे त्या दुकानदारानं सांगितलं तेव्हा कळलं.

तर बायांनो, भावांनो, कॅन सीलबंद आणि लेबलचा नसेल तर झाकण उघडूच देऊ नका. नवी बॅटरी घेताना सिरीयल नंबर, वॉरंटी कार्डावरचा नंबर आणि पक्कं बिल तिन्ही जुळवून मगच पैसे द्या. स्वतः पाणी घालणार असाल तर आधी इन्व्हर्टर आणि मेन दोन्ही बंद, बांगड्या अंगठ्या काढून ठेवा, डोळ्याला चष्मा, हातात रबरी मोजे. ॲसिड अंगावर उडालं तर नळाखाली भरपूर वेळ धुवा, फरशीवर सांडलं तर खायचा सोडा टाका.

1915 वर ग्राहक हेल्पलाईनला फोन केला, त्यांनी पहिलं बिलच मागितलं. त्या माणसाचा नंबर बंद लागतोय. फरशीवरचे ते दोन पांढरे डाग मात्र कितीही घासलं तरी जात नाहीत.