मॉरिशसची दक्षिण सहल : काही महिन्यांनंतर लिहिलेला अनुभव

मॉरिशसच्या बहुतेक पॅकेजांमध्ये 'साउथ टूर', म्हणजे बेटाच्या दक्षिण भागाची दिवसभराची सहल, असतेच, त्यामुळे तिचा कार्यक्रम इथे पुन्हा सांगत बसत नाही. आमच्या सहलीला आता बरेच महिने झाले आहेत. लिहिण्याचे निमित्त एवढेच, की आम्हाला या सहलीला नेणाऱ्या कंपनीने परवा एका प्रवेश-तिकिटाचे पैसे परत करण्याऐवजी पुढच्या सहलीसाठी सवलतीचे कूपन पाठवले आणि वर पाच तारे देण्याची विनंतीही केली.

प्रथम तिकिटाविषयी. आमच्या व्हाउचरवर 'सर्व प्रवेशशुल्क समाविष्ट' असे स्पष्ट छापलेले होते. आता त्रू ओ सेर्फचे ज्वालामुखी विवर, गंगा तलाव आणि ब्लॅक रिव्हर गॉर्जेस या दरीचा व्ह्यू पॉइंट या तिन्ही ठिकाणी मुळात प्रवेशशुल्कच नाही. पैसे पडतात ते सात रंगांच्या मातीसाठी प्रसिद्ध असलेल्या एकट्या शामारेलला, आणि तिथल्या फाटकाशी गाडी उभी करून चालकाने (तोच आमचा गाइडही होता) अगदी शांतपणे सांगितले की इथले तिकीट ज्याचे त्याने काढायचे आहे. जे फुकट आहे तेवढे समाविष्ट आणि जिथे खिशात हात घालावा लागतो ते वगळलेले, असा हा हिशेब. मॉरिशसचा एक रुपया आपल्या दीड रुपयाहून महाग पडतो. चार माणसांचे तिकीट काढताना हे विशेष जाणवते.

मात्र माझी खरी तक्रार तिकिटाची नसून जहाजांच्या शोरूमची आहे. क्यूरपीप शहरातले ते त्रू ओ सेर्फचे विवर आम्ही धुक्यातच पाहिले, म्हणजे कठड्यापाशी उभे राहून पांढरा पडदा पाहिला. त्या पठारावर पाऊस आणि धुके नेहमीचेच, त्याबद्दल कोणाला दोष देता येत नाही. परंतु तिथून आम्हाला जुन्या जहाजांच्या लाकडी प्रतिकृती विकणाऱ्या दुकानात नेले आणि जवळजवळ तासभर तिथेच ठेवले. दिवसभरात इतका वेळ ना गंगा तलावाला मिळाला, ना गॉर्जेसला. गॉर्जेसच्या दरीत खोलवर जंगल पसरलेले आहे, 1994 पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे, आणि तिथे आम्ही फोटो काढेपर्यंत चालकाने गाडी सुरू केलेली होती. दुकानातील विक्रेता चालकाला नावाने ओळखत होता. यापुढे काही सांगण्याची गरज नाही.

आता न्यायाने दुसरी बाजूही लिहितो, कारण या काही महिन्यांत त्या दुकानाबद्दलचे माझे मत निम्मे बदलले आहे. शोरूमच्या मागे कार्यशाळा आहे. तिथे बायका चिमट्याने एकेक दोरा कप्पीतून ओवत होत्या, आणि पांढरे कापड चहाच्या पाण्यात बुडवून वाळत घातलेले होते, म्हणजे शिडे जुनी, वापरलेली दिसावीत. मूळ जहाजांच्या आराखड्यांवरून ही कामे होतात आणि मोठ्या प्रतिकृतीला कित्येक आठवडे जातात. दिवसभरातले तेवढेच दृश्य आज मला तपशीलवार आठवते. तेव्हा कार्यशाळेच्या दहा मिनिटांना माझी हरकत नाही, उरलेल्या वेळात किमतीच्या चिठ्ठ्या उलटवत फिरायला लावले त्याला आहे.

गंगा तलावाला मात्र मनापासून पैकीच्या पैकी गुण. रस्त्याकडेची 108 फुटी मंगल महादेवाची मूर्ती वडोदऱ्याच्या सूरसागर तलावातील मूर्तीवर बेतलेली आहे, त्यामुळे गुजरात पाहिलेल्यांना ती ओळखीची वाटेल. तलाव विवरातला आहे, आणि 1972 साली गंगेचे पाणी आणून त्यात मिसळले गेले. महाशिवरात्रीला बेटाच्या कानाकोपऱ्यातून लोक कावडी घेऊन इथे चालत येतात, हे चालकाने सांगितले ते त्याच्या स्वतःच्या अनुभवातून, आणि तेवढा वेळ तो उत्तम गाइड होता. प्रसाद हातात उघडा धरू नये. माकडे सराईत आहेत.

शोरूममध्ये घालवलेल्या तासाची किंमत शेवटी मोजावी लागली ती शामारेलमध्ये. ज्वालामुखीच्या खडकाची झीज होऊन, लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांमुळे तिथल्या मातीच्या उंचवट्यांना तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत छटा आलेल्या आहेत. त्या पाहायला ऊन हवे. आम्ही पोहोचलो तेव्हा आभाळ भरून आले होते आणि सात रंगांपैकी जेमतेम तीन ओळखू आले. उरलेले बाहेरच्या दुकानात काचेच्या नळ्यांत भरून विकायला ठेवले होते. धबधबा मात्र ढगाळ हवेतही भव्य दिसतो, आणि कुंपणातली महाकाय कासवे पाहून मुले खूश झाली.

पुन्हा जाणे झाले तर दिवसभरासाठी टॅक्सी करीन, भाडे आधी ठरवीन, सकाळी पहिल्यांदा शामारेल गाठीन आणि उलट्या दिशेने परत येईन. चालक सभ्य होता, गाडी स्वच्छ होती, म्हणून दोन तारे. कंपनीच्या नव्या पत्रकात 'सर्व प्रवेशशुल्क समाविष्ट' ही ओळ आजही तशीच आहे. कूपनाची मुदत मार्चअखेर संपते, आणि ते प्रवेशशुल्कासाठी वापरता येत नाही.