कौटुंबिक न्यायालयातलं समुपदेशन: मोफत आहे, पण कामाला लावावं लागतं

घटस्फोटाचा अर्ज दाखल झाला की कौटुंबिक न्यायालय नवरा-बायकोला विवाह समुपदेशकाकडे पाठवतं. बहुतेकांच्या लेखी ही ‘एक तारीख फुकट गेली’. प्रत्यक्षात १९८४च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यातून आलेली ही सेवा फुकट आहे आणि चांगली आहे, फक्त तिच्याकडून काय काढून घ्यायचं हे ठाऊक हवं. संसार पुन्हा जुळणं क्वचितच होतं. मुलांच्या अटी नीट लिहून होणं मात्र इथे खरंच होऊ शकतं.

समुपदेशक दोघांशी एकत्र बोलतात, वेगवेगळंही बोलतात. तिथलं बोलणं गोपनीय असतं, समुपदेशकाला साक्षीला बोलावता येत नाही. त्यामुळे ‘फ्लॅट विकायला माझी ना नाही’ असं कुणी बोलून गेलं तरी ते पुढे उलटतपासणीत तोंडावर फेकलं जात नाही. घरात मारहाण झाली असेल तर एकत्र बैठक नको, हे पहिल्याच दिवशी लेखी द्या. ही गोष्ट आपणहून विचारली जाईल या भरवशावर राहू नका.

परस्परसंमतीच्या घटस्फोटाच्या अर्जासाठी (हिंदू विवाह कायदा, कलम १३-ब) किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्जानंतर सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा येऊन संमती सांगायची. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या अमरदीप सिंग निकालापासून हे सहा महिने माफ होऊ शकतात. पण त्यासाठी वेगळं राहून दीड वर्ष झालेलं हवं, आणि पोटगी, मुलांचा ताबा वगैरे सगळं मिटलेलं हवं. म्हणजे अटींचा मसुदा कच्चा असेल तर माफीचा अर्जही कच्चाच.

आणि मसुदा कच्चा राहतो तो एका ठरलेल्या वाक्यापाशी: ‘वडील परस्पर सोयीने मुलाला भेटतील.’ सोय परस्पर असती तर मंडळी कोर्टात आली असती का? समुपदेशकासमोर दिनदर्शिका उघडून बसा. कोणते शनिवार-रविवार, किती वाजता न्यायचं, किती वाजता आणि कुणाच्या दारात सोडायचं, हे लिहा. गणपती आणि दिवाळी सम-विषम वर्षांनी वाटून घ्या. दिवाळीत पाडवा आणि भाऊबीज वेगळे धरा, कारण भांडण नेमकं त्या दोन दिवसांवर होतं. मे महिन्याची सुट्टी पहिला आणि दुसरा पंधरवडा अशी विभागा. रोजच्या व्हिडिओ कॉलची वेळ, मूल आजारी पडलं तर हुकलेली भेट कधी भरून काढायची, आजी-आजोबांनी न्यायला आलेलं चालेल का, पालकसभेला कोण जाणार, पासपोर्टच्या अर्जावर सही किती दिवसांत द्यायची, हेही त्यातच येऊ द्या. लहान मुलाला सुरुवातीला रात्रीचा मुक्काम नको असेल तर तो कितव्या वर्षापासून सुरू होईल ते आत्ताच ठरवा.

पैशांच्या बाबतीत समुपदेशन तोकडं पडतं, तिथे वकील हवाच. निकाल होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्येच स्पष्ट केलं आहे. म्हणून एकरकमी पोटगी टप्प्यांत ठेवतात: काही भाग अर्जाच्या वेळी, उरलेला शेवटच्या तारखेला डिमांड ड्राफ्टने. ‘मुलाच्या खर्चावरचा हक्क कायमचा सोडला’ असं कलम लिहून उपयोग नाही, तो हक्क मुलाचा आहे. गृहकर्जाचं तर फारच फसतं. ‘यापुढचे हप्ते नवरा भरेल’ हे दोघांपुरतं खरं, बँकेवर ते बंधनकारक नाही. बायकोचं नाव सहकर्जदार म्हणून तसंच राहिलं आणि हप्ता थकला की नोटीस तिलाही येते. त्यामुळे नाव कमी करण्याचं बँकेचं पत्र शेवटच्या तारखेच्या आत हातात हवं.

त्रुटीही आहेत. गर्दीच्या दिवशी समुपदेशकाकडे वेळ कमी असतो, तारखा लांबतात आणि समजुतीचा सूर कधी कधी ‘बाईने जरा जुळवून घ्यावं’कडे झुकतो. न्यायालयातली मुलांशी भेटीची खोली सुरक्षित असते. पण मुलाला तिथे मोकळं वाटत नाही, म्हणून ती तात्पुरतीच ठेवावी.

खर्च फारसा नाही. महाराष्ट्रात अशा दाव्यांत स्त्रियांना १९९४पासून कोर्ट फी माफ आहे. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

पाचपैकी साडेतीन गुण. अर्धा गुण वाढवला तो गोपनीयतेसाठी.

जाता जाता: घटस्फोटाच्या हुकूमनाम्याच्या (न्यायालयाच्या अंतिम आदेशाच्या) चार-पाच प्रमाणित प्रती एकदमच मागून घ्या. शाळा, पासपोर्ट कार्यालय, बँक, सोसायटी, प्रत्येक जण ती मागतोच.