अ‍ॅशलँड, लेक्सिंग्टन: घराआधी आवार बघा

अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन शहरातली हेन्री क्ले (1777–1852) यांची इस्टेट आता संग्रहालय आहे. वकील, शेतकरी, प्रतिनिधिगृहाचे सभापती, सिनेटर. राष्ट्राध्यक्षपदाला 1824, 1832 आणि 1844 मध्ये उभे राहिले, तिन्ही वेळा पडले.

समोर दिसतं ते घर त्यांचं नाही. मूळ बांधकाम कच्चं ठरलं, म्हणून मुलगा जेम्सने 1850च्या दशकात ते उतरवून त्याच पायावर नवं उभारलं. पुढे नात इथे राहायला आली, तिनेही आतून बरेच बदल केले. त्यामुळे गाइडेड टूरमध्ये प्रत्येक वस्तूपाशी एकच प्रश्न विचारावा: हे आजोबांचं की नातीचं? नाहीतर नातीच्या हौसेची दाद क्लेंना दिली जाते. टूरला साधारण तास लागतो. वेळा आधी बघून घ्या.

खरी मजा बाहेर. स्मोकहाउस (मांस धुरावून टिकवायची खोली) आणि जमिनीत खोल गेलेली गोल बर्फघरं चुकवू नका. शेत मात्र शोधू नका: सुमारे 600 एकरांतले आता जेमतेम 17 उरलेत. 1817 मध्ये इंग्लंडहून हेरफर्ड गुरं आणणारा हा माणूस हेम्पही पिकवायचा. हेम्प भांगेच्या कुळातलं, पण दोरखंड आणि कापसाच्या गाठींच्या गोणपाटासाठी. धागा काढायला आपल्याकडे अंबाडी पाण्यात कुजवतात, केंटकीत कापलेलं हेम्प शेतातच पसरून दवावर कुजवायचे. श्रम वाचत, पण धागा काळपट आणि कमी दर्जाचा निघे. नौदलाला पाण्यात कुजवलेला रशियन मालच हवा असायचा. परदेशी मालावर जकात लावा, असं क्ले संसदेत का घसा फोडून सांगत, हे इथे उभं राहिलं की चटकन उमगतं.

हिवाळ्यात ते हेम्प लाकडी यंत्रावर हाताने झोडून धागा सुटा करायचा. हे सगळ्यात जड काम, आणि ते गुलामांच्या माथी. त्यांतल्या शार्लट डुप्वी यांनी 1829 मध्ये वॉशिंग्टनला क्लेंवरच स्वातंत्र्यासाठी दावा लावला. त्या हरल्या, सुटका झाली ती 1840 मध्ये. टूरमध्ये त्यांच्याबद्दल आवर्जून विचारा.

क्लेंचं वकिलीचं ऑफिस या आवारात नाही. ते शहराच्या मध्यभागी, मिल स्ट्रीटवर आहे. विटांची बुटकी इमारत, बाहेरून बघायला पाच मिनिटं पुरतात.