‘जू-ऑन: द ग्रज’: भूत काही मागतच नाही, त्याचं काय करायचं?

आपल्याकडच्या भुतांशी बोलता येतं. काय हवंय ते विचारायचं, नारळ किंवा कोंबडा द्यायचा, तिठ्यावर उतारा ठेवून मागे न बघता घरी यायचं. ताकाशी शिमिझूच्या ‘जू-ऑन: द ग्रज’ या जपानी भयपटात ही सोयच नाही. तोक्योतल्या एका साध्या दुमजली घरात नवऱ्याने संशयावरून बायकोला मारलंय. त्यानंतर त्या घरात जो कोणी पाऊल टाकेल तो गेलाच. तो चांगला की वाईट, नातेवाईक की परका, कोणी विचारत नाही.

सिनेमा 2002 चा, लांबी दीड तासाच्या जरा वर. त्याआधी 2000 मध्ये शिमिझूने याच कथेचे दोन भाग थेट व्हिडिओसाठी केले होते. ते पाहिले नसतील तरी बिघडत नाही.

मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. दादर, माटुंगा, प्रभादेवी, कधी परळ. पेशंट बहुतेक सत्तरीपुढचे: अर्धांगवायू, खुब्याचं ऑपरेशन, पार्किन्सन. त्यामुळे पहिली पंधरा मिनिटं मी सिनेमा म्हणून बघूच शकले नाही. रिका ही समाजकल्याण केंद्राची स्वयंसेविका. तिला एका पत्त्यावर पाठवतात. बेल वाजवली तर कोणी येत नाही. आत कचरा पसरलेला, अंथरूण घाण झालेलं आणि एक म्हातारी, कुठेतरी भलतीकडेच बघत बसलेली. मुलगा-सून बेपत्ता. आमच्या लाइनमधल्या कोणालाही विचारा, असं घर सगळ्यांनी पाहिलंय. त्यात भूत असायची गरज नसते. आणि रिका काय करते? घाबरत नाही, कामाला लागते. आजींना पुसून काढते, आवराआवर करते. मग वरच्या मजल्यावरून आवाज येतो म्हणून जाते, तर भिंतीतल्या कपाटाच्या दाराला चिकटपट्ट्या मारलेल्या. ती त्या सोलते. आत एक काळं मांजर आणि एक पोरगा.

“कशाला उघडलंस गं बाई,” असं आपण म्हणतो खरं. पण मीही उघडलं असतं. आत मूल असेल अशी शंका आल्यावर कोण थांबेल? शिमिझूची चलाखी इथेच आहे. त्याची बहुतेक माणसं हॉलीवूडच्या कॉलेजकुमारांसारखी पैज लावून पडक्या वाड्यात घुसत नाहीत. कोणी पेशंटसाठी जातं, कोणी बहीण म्हणून, कोणी तपासाला, तर एक शिक्षिका शाळेत न येणाऱ्या मुलाची चौकशी करायला. बहुतेक आपापलं काम नीट करणारी माणसं, आणि त्याचीच शिक्षा मिळते.

जपानी रंगभूमीला लांब केसांची, सूडाने परतलेली बाई नवी नाही. 1825 मध्ये काबुकीत आलेल्या ‘योत्सुया काइदान’मधली ओइवा तिकडे घरोघरी माहीत आहे. पण ओइवाचा राग तिच्या नवऱ्यावर होता, त्याला एक पत्ता होता. इथल्या कायाकोचा, म्हणजे त्या मारल्या गेलेल्या बायकोचा, नवराही मेलेला. राग मात्र उरलाय, आणि तो घराला चिकटलाय. मुंबईत रीसेलचा फ्लॅट घेताना आपण सोसायटीची एनओसी, शेअर सर्टिफिकेट, मेंटेनन्सची थकबाकी, सगळं तपासतो. आधीचे लोक का गेले, हे ब्रोकरला कोण विचारतं?

माझ्या सासूबाई कणकवलीच्या. त्या मालिकेच्या वेळेला माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि सबटायटल्स न वाचता बराच वेळ बघत राहिल्या. शेवटी वैतागून म्हणाल्या, “तकडे गाऱ्हाणा घालूक कोण नाय काय?” नाही ना. या सिनेमात एक मांत्रिक नाही, एक पुजारी नाही.

कायाको झालीय ताकाको फुजी. जिन्यावरून ती सरपटत उतरते ते बघताना माझं लक्ष भीतीपेक्षा सांध्यांकडे गेलं. कोपरं बाहेर फेकलेली, वजन सगळं हातांवर, कंबरेखालचं शरीर नुसतं ओढलं जातंय. आणि वेग सारखा नाही. एक हात पुढे, थांबा, मग दोन पायऱ्या एकदम. कंप्युटरवर केलेल्या भुताला हे जमत नाही. तिच्या घशातला तो करकरणारा आवाजही तसाच. छातीत कफ साचलेल्या पेशंटचा श्वास ज्यांनी रात्री ऐकलाय, त्यांनी हेडफोन लावू नयेत.

लिफ्टचा प्रसंग मात्र कोणालाही चुकणार नाही. त्या बेपत्ता मुलाची बहीण हितोमी लिफ्टने वर जातेय, दाराच्या काचेतून प्रत्येक मजल्यावर तोच पोरगा उभा दिसतो, आणि तिचं तिकडे लक्षच नाही. संगीताचा दणका नाही, कॅमेऱ्याची उडी नाही. हिंदू कॉलनीतल्या जाळीच्या लिफ्टमध्ये मी हल्ली फोनमध्ये तोंड खुपसून उभी असते.

आता तक्रारी. कथा सहा तुकड्यांत आहे, प्रत्येकाला एका माणसाचं नाव, आणि काळ पुढेमागे उड्या मारतो. रिका, हितोमीपर्यंत ठीक. पोलिसांचा भाग रेंगाळतो आणि कोण कोणाचं काय हे विसरायला होतं. काळ्या धुरासारखी सावली तेव्हाही फार पटली नसेल, आज तर सरळ खोटी दिसते. पोरगा तोंड उघडतो आणि मांजराचा आवाज येतो, हे पहिल्यांदा अंगावर येतं. नंतर माझा मुलगा स्वयंपाकघरातून म्यांव करायला लागला आणि संपलंच.

पण त्या कंटाळवाण्या भागातच सिनेमातली सगळ्यात हुशार जागा आहे. निवृत्त पोलीस तोयामाला त्या घरात आपली मुलगी दिसते, पण मोठी झालेली, शाळेच्या गणवेशात. पुढे तिच्या बाजूने तीच भेट आपण पुन्हा बघतो. म्हणजे या घरात काळही सरळ चालत नाही. हे पहिल्या वेळी माझ्या हातून निसटलं होतं, म्हणून तो तुकडा मागे नेऊन पुन्हा पाहिला.

शिमिझूनेच 2004 मध्ये अमेरिकन रिमेक केला, तोक्योतच, फुजीलाच घेऊन. नीटनेटका आहे, समजायला सोपा आहे. आधी तो पाहिलात तर मूळ सिनेमातल्या निम्म्या जागा फुकट जातील. तेव्हा जपानीच बघा, सबटायटल्स लावून. रात्र हवीच असं नाही; यातली भुतं भर दुपारीही येतात. घरी एकट्या आजारी माणसाकडे राहणाऱ्या मावशींना मात्र हा सिनेमा सुचवू नका. आधीच माणसं मिळत नाहीत.